‘याला रक्त लागत नाही’

आमच्या धाकट्या भावाविषयी कुणी विचारलं की अम्मी वर्षानुवर्षं एकच उत्तर द्यायची, ‘अल्लाहचा करम आहे, याला रक्त लागत नाही.’ थॅलेसेमिया असलेल्या मुलाच्या आईसाठी हे वाक्य किती मोठं असतं, ते ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनाच कळेल. भिवंडीत आमच्या ओळखीची दोन घरं अशी होती, जिथली मुलं दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला ठाण्याला नाहीतर मुंबईला जात. आमचा भाऊ मात्र शाळेत गेला, बारावी झाला आणि अंजूरफाट्याकडच्या एका गोदामात मालाच्या नोंदी ठेवण्याच्या कामाला लागला. डोळे पिवळसर, गालांची हाडं जरा वर आलेली, जिना चढताना दम लागायचा. हिमोग्लोबिन सात-साडेसातच्या आसपास. पण रक्त लागत नव्हतं.

आम्ही दोघी त्याच्या मोठ्या बहिणी. हे आम्ही मिळून लिहीत आहोत आणि त्याच्या संमतीनं लिहीत आहोत. सांगायचं एवढंच आहे की थॅलेसेमियात रक्त न लागणं आणि आजार हलका असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक ज्या दिवशी आम्हाला कळला, त्या दिवशी आमचा सव्वीस वर्षांचा भाऊ दोघांच्या आधाराशिवाय उभा राहू शकत नव्हता.

थॅलेसेमिया म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा जन्मजात आजार. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये टॉमस कूली या बालरोगतज्ज्ञानं १९२५ मध्ये त्याचं वर्णन केलं. आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक आलं की मूल आजारी होतं. त्यातल्या ‘मेजर’ प्रकारात पहिल्या एक-दोन वर्षांतच रक्त द्यावं लागतं आणि ते आयुष्यभर लागतं. दुसरा प्रकार ‘इंटरमीडिया’, म्हणजे मधला. यात शरीर कसंबसं स्वतःचं काम भागवतं. सात-आठ हिमोग्लोबिनवर माणूस शाळा शिकतो, नोकरी करतो, लग्न करतो. आमच्या भावाचा प्रकार हा होता.

पण शरीर हे ‘कसंबसं भागवणं’ कशाच्या जोरावर करतं? रक्त कमी पडलं की मूत्रपिंडं एक संप्रेरक सोडतात. ते हाडांतल्या मगजाला, म्हणजे अस्थिमज्जेला हुकूम देतं की आणखी रक्त बनव. मज्जा राबते, फुगते, पण तयार होणाऱ्या तांबड्या पेशी सदोष असल्यामुळे बऱ्याचशा तिथल्या तिथेच मरतात. रक्त वाढत नाही, म्हणून हुकूमही थांबत नाही.

भिवंडीच्या माणसाला हे यंत्रमागावरून लगेच समजेल. सूत कच्चं आहे, धागा सारखा तुटतो, कापड पुरं पडत नाही. म्हणून शेठ आणखी माग लावतो. कारखान्यातली जागा संपली की ओट्यावर लावतो, ओटा संपला की गल्लीत. सूत तेच कच्चं, त्यामुळे कापड काही वाढत नाही. गल्ली मात्र बंद होते.

शरीरात हेच होतं. मज्जा हाडात मावेनाशी झाली की चेहऱ्याची हाडं रुंदावतात. आईच्या पोटात असताना बाळाचं रक्त यकृतात आणि तिल्लीत बनत असतं. ती जुनी ठिकाणं पुन्हा जागी होतात, तिल्ली वाढत जाते. आणि काही जणांत रक्त बनवणाऱ्या या मांसाच्या गाठी पाठीच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंना, जिथे फासळ्या जोडलेल्या असतात तिथे, वाढू लागतात. बहुतेकांना त्यांचा काही त्रास होत नाही. पण छातीच्या मागच्या भागात मणक्यांमधली पोकळी मुळातच अरुंद असते आणि तिच्यातून मज्जारज्जू, म्हणजे मेंदूकडून पायांकडे जाणारी मुख्य वाहिनी, खाली जाते. गाठ त्या पोकळीत शिरली तर गल्ली बंद. थॅलेसेमियाच्या रुग्णात अशा गाठीनं मज्जारज्जू दाबला गेल्याची नोंद इटलीतल्या डॉक्टरांनी १९५४ मध्येच केलेली आहे. म्हणजे ही गोष्ट नवी नाही, फक्त विरळ आहे.

आता उलटं वाटेल असं एक सत्य. नियमित रक्त घेणाऱ्या मेजरच्या रुग्णांत अशा गाठी क्वचितच होतात, कारण बाहेरून पुरेसं रक्त मिळालं की मज्जेला सुटलेला हुकूम थंडावतो. इंटरमीडियात मात्र हाडांबाहेर रक्त बनण्याचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांपर्यंत सांगितलं जातं. ज्या मुलांच्या हातांवरच्या सुयांच्या खुणा पाहून आम्हाला वाईट वाटायचं, ती मुलं या एका बाबतीत आमच्या भावापेक्षा सुरक्षित होती.

त्याचं दुखणं खांद्यांच्या मधोमध सुरू झालं. दिवसभर खुर्चीत वाकून नोंदी करणाऱ्याची पाठ दुखणारच, असं सगळेच म्हणाले. भिवंडीत पाठ कुणाची दुखत नाही? बारा तास लूमवर उभा राहणारा, तागे उचलणारा, गोदामात पेट्या चढवणारा, सगळे रात्री पाठीला बाम चोळूनच झोपतात. मग महिन्याभरानं तो म्हणाला की छातीखाली कुणीतरी पट्टा आवळल्यासारखं वाटतं. मग पाय जड झाले. एकदा जिन्यात त्याची एक चप्पल मागे राहिली आणि तो तसाच वर आला. पायात चप्पल नाही, हे त्याला खाली पाहिल्यावर कळलं.

दोन गोष्टी त्यानं आम्हाला फार उशिरा सांगितल्या, कारण त्याला त्या सांगण्यासारख्या वाटल्याच नव्हत्या. वजू करताना तोंडावर पाणी घ्यायला डोळे मिटले की त्याचा तोल जायचा. आणि सजद्यातून कियामला उठताना दोन्ही हात जमिनीवर रेटावे लागायचे. डॉक्टरांनी नंतर समजावलं, की पाय कुठे आहेत ही खबर मज्जारज्जूतून वर पोचत नसली की माणूस डोळ्यांच्या आधारावर उभा राहतो. डोळे मिटले की आधार संपला. शेवटी लघवीला बसल्यावर ती सुरू व्हायला वेळ लागू लागला. हे मात्र त्यानं लाजून कुणालाच सांगितलं नाही. घरातल्या तरुण मुलाला असे प्रश्न विचारायला आपण संकोचतो आणि उत्तर द्यायला तोही संकोचतो, म्हणून हे इथे मुद्दाम लिहिलं. ज्याला थॅलेसेमिया आहे त्याच्या बाबतीत हे प्रश्न विचारायलाच हवेत.

या काळात तो तीन ठिकाणी दाखवून आला. एका ठिकाणी दुखणं थांबवायची इंजेक्शनं मिळाली. दुसऱ्या ठिकाणी, पायांची तक्रार म्हणून, कमरेचा एमआरआय झाला आणि तो अगदी स्वच्छ निघाला. तो स्वच्छ निघणारच होता, कारण गाठ कमरेत नव्हती. तिच्या वीतभर वर होती. तिसऱ्या ठिकाणी छातीच्या एक्स-रेवर मणक्याच्या बाजूला सावली दिसली आणि मणक्याचा टीबी असल्याचं सांगून औषधं लिहून दिली गेली. आपल्याकडे टीबी इतका आहे की तो संशय आधी येणं समजण्यासारखं आहे. पण त्याला ताप नव्हता, वजन उतरलं नव्हतं, आणि लहानपणापासूनच्या आजाराची फाइल त्या दिवशीही टेबलावरच होती. ती उघडली गेली नाही.

मुंबईच्या सरकारी रुग्णालयात रक्तविकाराच्या विभागातल्या मॅडमनी आधी ती फाइल वाचली. तिल्ली कधी काढली, हिमोग्लोबिन आजवर किती राहिलं, रक्त किती वेळा चढलं, हे विचारलं. मग तळपायाला चावी घासून पाहिली, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं आणि पूर्ण कण्याचा एमआरआय त्याच दिवशी करून घेतला. छातीमागच्या पाच मण्यांच्या लांबीत दोन्ही बाजूंना गाठी होत्या आणि मध्ये मज्जारज्जू दोऱ्यासारखा बारीक झाला होता.

अब्बांनी विचारलं, ‘कॅन्सर आहे का, मॅडम?’

त्या म्हणाल्या, ‘नाही. टीबीही नाही. हे याचंच मांस आहे, रक्त बनवणारं. चुकीच्या जागी वाढलंय. सुई घालून तुकडा काढायचीही घाई करायला नको, कारण या गाठीतून रक्त फार वाहतं. आजार माहीत आहे, चित्र जुळतंय, इलाज आजच सुरू करू.’

इलाज म्हणजे काय, हे आम्ही त्या आठवड्यात शिकलो. पहिला मार्ग रक्त. हिमोग्लोबिन दहाच्या वर नेऊन तिथेच ठेवलं की मज्जेचा हुकूम ओसरतो आणि गाठी हळूहळू आकसतात. पण यात वेळ जातो, आणि जास्त रक्त एकदम दिलं तर हृदयावर भार येतो. म्हणून पिशव्या सावकाश चढवल्या गेल्या. त्याआधी त्याच्या रक्ताची नेहमीच्या गटापलीकडची सविस्तर तपासणी झाली. कारण ज्यांना मोठेपणी रक्त सुरू होतं, विशेषतः ज्यांची तिल्ली काढलेली असते, त्यांच्या शरीरात परक्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होण्याचा धोका अधिक असतो, आणि तसं झालं तर जुळणारं रक्त मिळणं पुढे कठीण होत जातं.

दुसरा मार्ग रेडिएशन, ज्याला लोक ‘शेक’ म्हणतात. रक्त बनवणारं मांस किरणांपुढे फार लवकर नमतं, म्हणून कॅन्सरला लागतात त्यापेक्षा कितीतरी कमी किरणांत काम होतं आणि काही दिवसांतच फरक दिसू शकतो. तोटा असा की ज्या गाठीनं त्रास दिला तीच थोडंफार रक्तही बनवत असते. ती विझली की हिमोग्लोबिन आणखी उतरतं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही घटू शकतात. म्हणून शेकाबरोबर रक्त चालू ठेवावं लागतं.

तिसरा मार्ग शस्त्रक्रिया: मणक्याचं मागचं हाड काढून मज्जारज्जू मोकळा करणं. पाय झपाट्यानं जात असतील तर दाब ताबडतोब हटतो, हा तिचा फायदा. पण गाठ रक्तानं भरलेली, लांबवर पसरलेली. ती सगळी काढणं बहुधा जमत नाही आणि रक्तस्राव मोठा होतो. चौथं, हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी. ती गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनवायला उत्तेजन देते आणि मज्जेची अतिरेकी वाढ रोखते. काही रुग्णांना तिचा चांगला उपयोग होतो, पण गुण यायला महिने लागतात. ती पुढची राखण करते, समोरची आग विझवत नाही.

यातलं कोणतं पहिलं, याचा एकच पक्का नियम नाही. रुग्ण थोडे, म्हणून मोठ्या तुलना झालेल्याच नाहीत. त्यामुळे रक्तविकारतज्ज्ञ, मेंदू-मणक्याचे सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर असे तिघे एकत्र बसले. त्यांनी ठरवलं ते असं: स्टेरॉइड आणि रक्त लगेच, शेक दोन दिवसांत, आणि पायांची ताकद आणखी उतरली तर शस्त्रक्रियेला थांबायचं नाही. सर्जन दर सकाळी येऊन त्याला पाय उचलायला लावत. त्या पाच मिनिटांसाठी अम्मी वॉर्डाबाहेर जाऊन तसबीह धरून उभी राहायची.

दहा शेक झाले, एकूण २० ग्रे. सातव्यानंतरच्या सकाळी त्यानं पाय खाली सोडले आणि म्हणाला, ‘आपा, फरशी गार आहे.’ आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. फरशी रोजच गार होती.

दीड महिन्यानं तो वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरू लागला. लघवीचा त्रास त्याआधीच गेला होता. सहा महिन्यांनी केलेल्या एमआरआयमध्ये गाठी निम्म्याहून लहान दिसल्या. पूर्ण गेल्या नाहीत. डाव्या पायात थोडा जडपणा आहे आणि तो राहील, असं डॉक्टर म्हणतात. मज्जारज्जू फार काळ दबून राहिला तर दाब काढूनही सगळं परत येत नाही. जितके दिवस आधी, तितकं अधिक हाती लागतं. आता तो चालत कामाला जातो. नमाज मात्र खुर्चीवर बसून पढतो.

सगळ्यात अवघड भाग यापुढचा होता. गाठी पुन्हा वाढू नयेत म्हणून त्याला नियमित रक्त सुरू झालं. दर चार आठवड्यांनी दोन पिशव्या, शिवाय साठणारं लोह बाहेर काढायची गोळी, फेरिटिनची तपासणी, हायड्रॉक्सियुरिया. पहिल्यांदा रक्ताच्या वॉर्डात गेला तेव्हा आजूबाजूच्या सगळ्या खाटांवर लहान मुलं होती. घरी येऊन म्हणाला, ‘इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगायचो की मी त्यांच्यातला नाही.’ त्यावर आम्हाला काही बोलता आलं नाही. दुसऱ्या महिन्यात शेजारच्या खाटेवरच्या बारा वर्षांच्या मुलानं त्याला कोणती शीर चांगली ते दाखवलं आणि सुई लावताना मूठ कशी धरायची ते शिकवलं. आता तो त्याच्यासाठी कॉमिक्स घेऊन जातो.

रिश्त्याचंही बोलणं चालू होतं, नात्यातच. दवाखान्यातून आल्यावर काही जवळच्यांनी सल्ला दिला की आजाराचं फार बोलू नका. आमच्या भावानं ते ऐकलं नाही. त्यानं स्वतः मामूंना सांगितलं की मुलीची एचबी ए-टू तपासणी होऊ द्या. हिशेब सरळ आहे. त्याच्याकडे दोन्ही जनुकं सदोष आहेत. मुलगी निरोगी असेल तर मुलं फक्त वाहक होतील, आजारी नाही. मुलगी वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात निम्मी शक्यता आजाराची. मुलगी वाहक निघाली. तिची प्रकृती ठणठणीत आहे, तिच्यात काहीही खोट नाही, आणि तिचं लग्न दुसरीकडे, तपासणी करून, चांगलं झालं. आम्हा दोघींपैकीही एक वाहक आहे. तिच्या नवऱ्याची तपासणी झाली, तो वाहक नाही, म्हणून तिची मुलं या आजारापासून सुरक्षित आहेत.

लग्नाआधी अशी तपासणी मागणं म्हणजे मुलीचा किंवा मुलाचा अपमान, असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की इराणनं ती १९९७ पासून आणि सौदी अरेबियानं २००४ पासून लग्नाआधी सक्तीची केलेली आहे. उंट आधी बांधायचा आणि मग तवक्कुल करायचा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नात्यातल्या लग्नांत तर ही तपासणी अधिकच गरजेची, कारण एकाच आजोबांचं जनुक दोन्हीकडे असू शकतं. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. थॅलेसेमियाच्या जनुकीय आणि गर्भावस्थेतल्या तपासण्यांचं काम तिथे अनेक वर्षांपासून चालतं.

पैशाविषयीही थोडं सांगतो. सरकारी धोरणानुसार थॅलेसेमियाच्या रुग्णाला रक्त मोफत मिळायला हवं आणि त्याच्याकडे बदली रक्तदाता मागायचा नसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावं. आणि रमजानात, मे महिन्याच्या सुट्टीत रक्तपेढ्यांतला साठा कमी होतो. इफ्तारनंतर, पोटभर खाऊन-पिऊन, रक्त देता येतं. आमच्या मोहल्ल्यातली चार मुलं आता दर वर्षी देतात.

ज्यांच्या घरात इंटरमीडियाचा रुग्ण आहे, त्यांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना हिमोग्लोबिनपलीकडचेही प्रश्न विचारावेत. पाठीच्या मधोमध दुखतं का, पाय जड होतात का, मुंग्या येतात का, डोळे मिटल्यावर तोल जातो का, लघवीला त्रास होतो का. यातलं एकही ‘हो’ असेल तर कमरेच्या नव्हे, पूर्ण कण्याच्या एमआरआयविषयी बोलावं, आणि तेही त्याच आठवड्यात. नवीन डॉक्टरांकडे गेलात तर दुखणं सांगण्याआधी ‘याला थॅलेसेमिया आहे’ हे पहिलं वाक्य असू द्या. टेबलावर ठेवलेली फाइल कुणी उघडत नसेल तर ती आपण उघडावी आणि नेमकं पान काढून पुढे सरकवावं. आम्ही आता त्या पानाला लाल धागा बांधून ठेवला आहे.